एक क्लिक वाचवला

‘‘पोरी, इकलं म्हणालीस ना? मग माझ्या मोबाईलवर डबल कसं दिसतंय?’’

फोन स्पीकरवर होता, म्हणून आण्णांचा आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू गेला. आण्णा काळोखे म्हणजे आमचे जुने क्लायंट. राहायला देहूत, वर्कशॉप भोसरीत. मशीनच्या आवाजात बोलून बोलून फोनवरही ओरडतात.

आण्णांच्या ऑर्डरी घालणाऱ्या वैशालीने स्क्रीनकडे पाहिलं. आण्णांनी सकाळी घेतलेले शेअर तिने थोड्या वेळापूर्वी विकले होते, म्हणजे विकले असं तिला वाटत होतं. तिथे शून्य दिसायला पाहिजे होतं. शेअर दुप्पट झाले होते. तिने विकण्याऐवजी आणखी घेतले होते. आणि तेवढ्यात त्या कंपनीचे तिमाही निकाल वाईट लागून भाव घसरत चालला होता.

‘‘आण्णा, एक मिनिट हां,’’ ती म्हणाली. सगळे शेअर मिळेल त्या भावाला विकून टाकले. मग कीबोर्ड बाजूला सारला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मी तिच्या मागेच उभा होतो. मला एका क्षणात कळलं होतं काय झालंय ते. पण मी काय केलं? मागच्या कूलरकडे वळून पाणी प्यायलो.

आधी थोडं समजावून सांगतो. मी मूळचा शेअरबाजारातला माणूस नाही. आमचं गाव लातूरकडचं. चाकणच्या एका कंपनीत इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं. म्हणजे काय, तर कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. एका कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यातली फालतू हालचाल शोधायची आणि ती काढून टाकायची. व्हीआरएस घेतल्यावर घरी बसून बायकोच्या पोळ्यांचा टाइम स्टडी करायला लागलो, तेव्हा तिने हात जोडले. ‘‘बाहेर काहीतरी बघा हो, मी पाया पडते तुमच्या.’’ मग संत तुकाराम नगरात दळवीसाहेबांच्या ब्रोकिंग ऑफिसात लागलो. काम म्हणाल तर ऑफिसची घडी बसवायची.

ऑफिसचा धंदा मुख्यतः डे ट्रेडिंगचा. सकाळी घेतलेलं त्याच दिवशी, बाजार बंद व्हायच्या आत विकायचं, नाहीतर आधी विकून मग घ्यायचं. पुष्कळ क्लायंट स्वतः मोबाईलवर करतात. पण आण्णांसारखे काही अजून फोन करून सांगतात. त्यांच्या ऑर्डरी घालायला डीलर असतो. डीलरला परीक्षा द्यावी लागते, मग त्याच्या नावाने टर्मिनलचा, म्हणजे ऑर्डरी घालायच्या कॉम्प्युटरचा, आयडी मिळतो. आयडी आहे तोवर डीलर. आयडी गेला की त्या खुर्चीवर बसता येत नाही.

वैशाली आमची सगळ्यात जुनी डीलर. नवऱ्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची, आज आहे उद्या नाही. घर तिच्या त्या खुर्चीवर चाललेलं होतं, आणि हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

तर दळवीसाहेबांनी मला पहिलं काम दिलं ते सॉफ्टवेअर निवडण्याचं. आमचा मुख्य ब्रोकर, म्हणजे ज्याच्या नावाखाली आमचं ऑफिस चालतं तो, तीन सॉफ्टवेअर वापरू देत होता. ऑफिसात त्यांना स्क्रीनच्या रंगावरून काळं, निळं आणि पांढरं म्हणायचे. जो तो आपल्या आवडीचं वापरायचा.

‘‘बिराजदार, तिन्हींचं कंपॅरिझन करा आणि एक फायनल करा,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुमच्या कंपनीत करायचात तसं, व्यवस्थित.’’

व्यवस्थित म्हटल्यावर मला चेवच आला. रकाने पाडले. चार्ट किती प्रकारचे. भाव किती लवकर बदलतो. एका पानावर किती शेअर बघता येतात. स्टॉपलॉस लावायला किती सोपं, म्हणजे भाव ठरावीक पातळीच्या खाली गेला की आपोआप विकलं जाण्याची सोय. इंटरनेट गेलं तर काय होतं. आणि सगळ्यात जास्त मार्क मी ठेवले एका ऑर्डरीला लागणाऱ्या वेळाला. का? तर माझा हात तिथे बसलेला. सायकल टाइम, म्हणजे एका कामाचा वेळ, कमी करणं हेच आयुष्यभर केलेलं.

चार्ट निळ्यात उत्तम होते. पांढरं दिसायला सुटसुटीत, शिकायला सोपं. काळं तसं दोन्हीकडे मागे होतं. पण काळ्यात एक गोष्ट होती. ऑर्डर घातली की तिन्ही सॉफ्टवेअर एक छोटी खिडकी दाखवतात. अमुक शेअर, इतके नग, खरेदी की विक्री, नक्की का? त्यावर पुन्हा एंटर मारायचा, मग ऑर्डर जाते. ही कन्फर्मेशनची खिडकी फक्त काळ्यात बंद करता येत होती. मी ती बंद केली आणि वैशालीच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो.

इथे मला एक गोष्ट कळायला हवी होती. कंपनीत स्टॉपवॉच दिसलं की कामगार मुद्दाम हळू काम करतो. त्याला माहीत असतं, आज जो वेळ लागेल तेच उद्याचं टार्गेट. म्हणून आम्ही मोजलेल्या वेळात तेवढा हिशोब धरतो. वैशालीने जन्मात स्टॉपवॉच बघितलेलं नव्हतं. तिला वाटलं सर परीक्षा घेतायत. ती जीव तोडून भरभर करत राहिली. मध्ये एकदा मान न वळवता म्हणाली, ‘‘सर, बरोबर चाललंय ना?’’

‘‘फर्स्ट क्लास!’’ मी म्हणालो.

काळं पहिलं आलं. मीटिंगमध्ये मी ऐटीत सांगितलं, प्रत्येक ऑर्डरीमागे एक क्लिक वाचवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या टर्मिनलवर काळं आलं, आणि माझ्याच हाताने प्रत्येकावर ती खिडकी बंद झाली. खरेदीचं आणि विक्रीचं बटण शेजारी शेजारी. आता मध्ये काही नव्हतं. बोट चुकलं की ऑर्डर गेली.

त्या दिवशी तेच झालं.

बाजार बंद झाल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आण्णांचं नुकसान भरून द्यायचं हे त्यांनी लगेच ठरवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण असं काही झालं की मुख्य ब्रोकरला कारण कळवावं लागतं.

‘‘तुम्ही लिहा रिपोर्ट. तुम्हाला सवय आहे,’’ साहेब म्हणाले.

‘‘साहेब, ती खिडकी...’’

‘‘सेटिंगचं कशाला काढताय?’’ त्यांनी मला तिथेच थांबवलं. ‘‘मग ते विचारणार, कुणी बंद केलं, का केलं, कुणी परवानगी दिली. तुम्ही आणि मी दोघं लटकू. बटण तिने दाबलंय ना? तिनेच दाबलंय. तेवढं लिहा.’’

आणि मी लिहिलं. ‘डीलरच्या दुर्लक्षामुळे चुकीची ऑर्डर गेली.’ चहा येऊन गार व्हायच्या आत लिहून झालं.

लोकहो, हे वाक्य मी कंपनीत कधी कुणाला लिहू दिलं नाही. कुठलाही बिघाड झाला की पोरं रिपोर्टमध्ये लिहून आणायची, ‘ऑपरेटरची चूक’. मी तो कागद तोंडावर परत करायचो. ऑपरेटर चुकणारच, माणूस आहे. चूक होऊ शकली कशी ते सांगा! हे माझं ठरलेलं वाक्य, आणि माझ्या मागे पोरं त्याची नक्कलही करायची.

प्रेस मशीनवर दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण भोसरीतल्या कितीतरी शेडमध्ये मी बघितलंय, एका बटणात काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवतात. काम पटपट होतं. मग कुणाचं तरी बोट जातं. सप्लायरच्या शेडमध्ये अशी काडी दिसली की मी आकाशपाताळ एक करायचो. मालकाला सगळ्यांसमोर झापायचो. आणि म्हातारपणी मी स्वतः काय केलं? एअर कंडिशनमध्ये बसून प्रत्येक टर्मिनलला काडी खुपसली, आणि बोट गेल्यावर म्हणालो, बाईचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा आयडी बंद झाला. चौकशी होईपर्यंत. तिला स्वतःचा खुलासा लिहून द्यायला सांगितलं. दुपारी ती कागद घेऊन माझ्याकडे आली.

‘‘सर, जरा बघता का? मला असलं लिहायची सवय नाही. तुम्हाला भाषा माहीत आहे.’’

मी वाचलं. तिने लिहिलं होतं, ‘ऑर्डर जाण्यापूर्वी मी स्क्रीनकडे नीट पाहिले नाही. ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही.’

ऑर्डर जाण्यापूर्वी स्क्रीनवर बघायला काही होतंच कुठे? जे बघायचं ते मी काढून टाकलं होतं. आणि हिला ते माहीतही नव्हतं! हिला वाटत होतं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती खिडकी नसतेच. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण टाइम स्टडीत कामगाराला सांगायची पद्धत नसते.

‘‘सर, काही चुकलंय का लिहिण्यात?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे हो. हे देऊ नका अजून.’’

‘‘का?’’

तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिच्या हातातल्या कागदाकडे बघत मी म्हणालो, ‘‘मॅडम, ती खिडकी मी बंद केली होती. सगळ्या टर्मिनलवर. काळ्यातही ती असते. तुमच्यासमोर आली असती तर तुम्हाला विक्रीच्या जागी खरेदी दिसली असती.’’

तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘रात्रभर मला वाटत होतं माझं डोकंच चालेनासं झालं. नवऱ्यालाही तसंच सांगितलं मी.’’

लाज काय असते ते मला त्या वाक्याने समजलं. कान तापले होते माझे. या वयात, शाळेतल्या पोरासारखे.

मी सरळ केबिनमध्ये गेलो. ‘‘साहेब, रिपोर्ट बदलायचाय.’’

‘‘आता? गेला तो कालच.’’

‘‘मग दुसरा पाठवतो. खिडकी मी बंद केली होती असं लिहून.’’

‘‘बिराजदार, डोकं ठिकाणावर आहे का? तुमचं नाव येईल.’’

‘‘येऊ द्या.’’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. ‘‘येऊ द्या म्हणताय खरं, पण तुमचं काय जाणार आहे? तुमच्या नावाचा आयडीच नाही. पेन्शनीत निघालेला माणूस तुम्ही. तुमच्यावर कोण काय कारवाई करणार?’’

हे मात्र खरं होतं, आणि जिव्हारी लागलं. मी मनात मोठा शूर होऊन आत गेलो होतो. त्या शौर्याची किंमत शून्य होती. वैशालीचं सगळं पणाला लागलेलं, आणि माझं काहीच नाही.

तरी रिपोर्ट गेला. साहेबांनी कुरकुर करत का होईना पाठवला. खुलाशात वैशालीनेही खिडकीचा उल्लेख केला, पण ‘ही माझी चूक आहे’ हे वाक्य तिने काढलं नाही. मी म्हटलं, काढा हो ते. तर म्हणाली, ‘‘बटण मीच दाबलंय, सर.’’

चौकशी झाली. मुख्य ब्रोकरची माणसं आली, टर्मिनलं बघून गेली, साहेबांना दोन शब्द सुनावून गेली. मला कुणी काही बोललं नाही. काही आठवड्यांनी वैशालीचा आयडी परत सुरू झाला. आण्णांनी फोन करून तिला सांगितलं, ‘‘पोरी, आमच्याकडं बी मशीनवर चुकतंच की. मी काय खातं हलवत न्हाई, घाबरू नकोस.’’ त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. आता ऑफिसात पांढरं सॉफ्टवेअर आहे, त्यात ती खिडकी बंदच करता येत नाही. एका ऑर्डरीला थोडा जास्त वेळ लागतो. त्या वेळात कुणाचंही काहीही बिघडलेलं नाही.

कुणी विचारलंच की ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर कसं निवडावं, तर चार्ट बघा, वेग बघा, काय वाटेल ते बघा. पण एक रकाना मी पाडायला विसरलो होतो, तो पाडा. चुकीचं बटण दाबलं तर हे मला अडवतं का? आणि तो रकाना भरताना त्यावर रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा. मागे उभं राहून मोजू नका.

आयडी परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी सहज तिच्या खुर्चीमागून चाललो होतो. ती एका क्लायंटशी निवांत बोलत ऑर्डर घालत होती. माझ्या पावलांचा आवाज आला आणि तिची बोटं एकदम भरभर चालायला लागली. तिला ते कळलंही नसेल.

तेव्हापासून मी तिच्या मागून जात नाही. पाण्याचा कूलर तिच्या खुर्चीच्या मागेच आहे. मी घरून बाटली नेतो.