कोठीघरातली देवी

"सून गुणाची आहे हो, पण अंगात जीव म्हणून नाही. घागर ती उचलते की घागर तिला, तेच कळत नाही!"

हे सासूबाई शेजारच्या यमुनाकाकूंना सांगत होत्या. मी हौदावर गेले आहे अशी त्यांची समजूत. मी केव्हाच परत येऊन दाराआड उभी होते, आणि तीही अर्धीच घागर घेऊन. पुढे का गेले नाही? धाप लागली होती! म्हणजे बोलणं खोटं होतं असंही म्हणायची सोय नाही.

त्यानंतर मी जे करून बसले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. हसणार असाल तर निदान पदराआड हसा.

आमच्या कोठीघराच्या झरोक्यातून पलीकडची तालीम दिसते. शहाण्या सुनेनं तिकडे पाहू नये. मी पाहत नसे, ऐकत असे. बरं, थोडं पाहतही असे. तिथले वस्ताद सकाळी मुष्टियुद्ध शिकवायचे. आणि शिकायला कोण? शूर शिपाई नव्हेत. दफ्तरात बसून बसून पाठीला बाक आलेले एक कारकून, आणि पोटामुळे स्वतःचे पाय न दिसणारे एक हलवाई!

"अहो, कुणाचं नाक फोडायला नाही शिकवत मी!" वस्ताद ओरडायचे. "ठोसा टाचेतून येऊ द्या. मारताना श्वास सोडा. दम वाढेल, भूक लागेल, झोप लागेल. वैद्यबुवांच्या पुड्या वाचतील!"

दोन महिन्यांत कारकून ताठ चालू लागले. हलवायांना पाय दिसू लागले. मग मीच काय पाप केलं होतं?

सासूबाई देवळात गेल्या की मी कोठीघराचं दार लोटायचे, पदर खोचायचे, हातांना फडकी गुंडाळायचे आणि दारामागच्या कोंड्याच्या गोणीला ठोसे! पहिल्या दिवशी दहा ठोशांत गोणी जागच्या जागी आणि मी जमिनीवर. पण महिनाभरानं एक घागर डोक्यावर, दुसरी कमरेवर घेऊन हौदावरून सरळ घरी आले, आणि वर ओटीवरच्या काकूंची विचारपूसही केली. भूक तर अशी लागायची की सांगायची लाज वाटते. आणि झोप! आमची स्वारी लष्कराबरोबर पत्रांचे खर्डे लिहायला उत्तरेत गेलेली, चार महिने पत्र नाही. नव्या सुनेनं त्याबद्दल विचारायचं नसतं. आढ्याकडे पाहत पडायचं असतं. आता मात्र पाठ टेकली की डोळा लागायचा.

एका सकाळी यमुनाकाकू विरजण मागायला आल्या. कोठीघरात धपाधप आवाज, म्हणून त्यांनी दार ढकललं. गोणी दाराच्या पाठीमागे. ती त्यांना कशी दिसणार? दिसले मी. केस सुटलेले, कुंकू फिस्कटलेलं, अंगभर घाम, मुठी हवेत.

काकूंचे हात आपोआप जोडले गेले. "आई! कोण आहेस तू? अंबाबाई का?"

मला इतकी धाप लागली होती की शब्द फुटेना. मान तेवढी खालीवर होत होती.

झालं! सासूबाई परत येईपर्यंत गल्लीभर बातमी. आता म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? अहो, काय बोलू? सून तालमीतल्यासारखी गुद्दे मारते, असं? त्यापेक्षा देवी बरी वाटली. आणि खरं सांगू? त्या दिवशी सासूबाईंनी मला आधी वाढलं.

मंगळवारी मला पाटावर बसवलं. काकूंनी विचारलं, "आई, माझ्या गाईचं दूध का आटलं?" मी लाजून जमिनीकडे पाहिलं. "चाऱ्यात खोट आहे म्हणते!" काकूंनीच अर्थ लावला, चारा बदलला, आणि त्या कृतघ्न गाईनं दूध दिलं की हो! पुढच्या मंगळवारी अंगणात पाय ठेवायला जागा नाही. एक बाई तर थेट वाघोलीहून आलेल्या. पुरणपोळीचं ताट आणि मला कोठीघरात ठेवून दार लोटलं. उघडलं तर ताट लख्ख. बायका गहिवरल्या.

तिसऱ्या मंगळवारी सगळ्यांचं झाल्यावर सासूबाई पुढे आल्या. मला घागरीवरून बोलणाऱ्या सासूबाई! त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, माझा मुलगा सुखरूप आहे ना? कधी येईल?"

(स्वारी आज पलीकडच्या खोलीत बोरू तासते आहे; पण तेव्हा ते कुणाला ठाऊक?) माझे पाय आक्रसले. चार महिने जे मला कुणाला विचारता आलं नाही, ते त्या मलाच विचारत होत्या! माझे डोळे भरून आले.

"देवीच्या डोळ्यांत पाणी!" काकू पुटपुटल्या. "अगं बाई… म्हणजे मोहिमेवर काही…"

सासूबाईंनी माझे पाय घट्ट धरले. आणखी क्षणभर गप्प राहिले असते तर काकूंनी अर्थ पुरता लावला असता. मी पाटावरून उठले आणि त्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:

"उठा, सासूबाई. देवी नाही, मी आहे. गोणीला ठोसे मारत होते, म्हणून तो घाम. तिकडची खबर मलाही कुणी सांगत नाही, म्हणून हे पाणी. आणि… मागच्या मंगळवारच्या त्या सात पुरणपोळ्या, त्याही देवीनं नाही खाल्ल्या."