सातव्या कागदावरची रांग

मावशीने एकतीस वर्षं गिरणीत कापड तपासलं. उजेडाच्या टेबलावरून तागा सरकायचा आणि तुटका धागा, गाठ, डाग दिसला की ती खडूने खूण करायची. निवृत्तीनंतर ती नजर घरच्यांच्या वाट्याला आली. शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे, हे काकांना लग्नाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं.

तिची भाची संशोधन संस्थेत होती. विश्वाच्या जन्मानंतर उरलेली, आता अगदी गार झालेली ऊब आभाळभर पसरलेली असते. त्या उबेच्या नकाशात काही वेगळी आकृती सापडते का, हे भाची शोधायची. एका दुपारी तिने मावशीसमोर लाल-निळ्या ठिपक्यांचे दहा कागद ठेवले.

“एकावर खरं आभाळ आहे, बाकी नऊ संगणकाने वाटेल तसे ठिपके टाकून भरलेत. संगणकाला मी सांगेन तेवढंच दिसतं. तू नुसतं बघ.”

मावशी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. काका ताट मांडीवर घेऊन जेवले. चौथ्या दिवशी तिने सातव्या कागदावर बोट टेकवलं. “इथे निळे ठिपके एका रांगेत आलेत. आडवा धागा ताणल्यासारखे.”

भाचीने नंबर ताडून पाहिला. सातवा कागदच खरा होता.

मग तिने संगणकाकडून हजार खोटी आभाळं काढून घेतली. तशीच रांग त्यातल्या त्रेचाळीस आभाळांत निघाली.

“म्हणजे दोष आहे की नाही?” मावशीने विचारलं.

“सांगता येत नाही. तेविसात एकदा असं आपोआपही होतं.”

मावशीच्या डोक्यात काही शिरेना. कापडात गाठ असते किंवा नसते. गाठ असण्याची शक्यता आहे, असं तिने साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला चष्म्याचं दुकान दाखवलं असतं.

भाचीने तेच कागद उलटे करून, नंबर बदलून पुन्हा दिले. या वेळी मावशीने दुसऱ्याच कागदावर खूण केली, तीही छातीठोकपणे. तो खोटा निघाला. पहिली रांग तिला खऱ्या कागदावर परत सापडेना. सापडली तेव्हा ती तितकी सरळ वाटली नाही.

“मग आधी मी काय बघितलं?”

“तेच बघितलंस. मलाही कधी दिसतं, कधी नाही. म्हणून तर झोप लागत नाही.”

“एवढं शिकून तुझी ही गत?” मावशी म्हणाली, पण तिच्या पाठीवरून हात फिरवला.

काही महिन्यांनी भाचीने अहवाल लिहिला. रांग दिसते, पण ती निव्वळ योगायोगानेही आलेली असू शकते. अधिक नीट मोजमाप लागेल. आभाराच्या ओळीत तिने मावशीचं नाव टाकलं होतं.

मावशीने ते पान दोनदा वाचलं. “काढ ते. मला अजून कळलेलं नाही.”

“मलाही नाही. तरी मी माझं ठेवलंय.”

मावशीने ते पान तिसऱ्यांदा वाचलं. मग नाव राहू दे म्हणाली, आणि नवे नकाशे कधी येणार ते विचारलं.