घड्याळातली घरघर

चिमाजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पंचवीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकत आले होते. बेअरिंग जायला लागलं की त्यांना कानानंच कळायचं. १९९८ साली ते निवृत्त झाले, तेव्हा लेकीनं, छायानं, त्यांना ऑटोमॅटिक घड्याळ दिलं. हात हलला की आत घरघर व्हायची. चिमाजी हादरले. आणखी बिघडू नये म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर बंद.

गंगापूर रोडच्या घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं. घड्याळ हलवलं की आत एक अर्धगोल वजन फिरत होतं.

“काका, याच्यामुळेच चावी मिळते. घरघर त्याचीच. तुम्ही काढून ठेवलंत, म्हणून थांबलं.”

आवाज म्हणजे बिघाड, एवढंच चिमाजींना ठाऊक होतं. घड्याळ पुन्हा बांधून ते तिथंच स्टुलावर बसले आणि कानाशी हात हलवत राहिले.