आप्पांचा पासवर्ड मी माळ्यावर टाकला

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या आधीच माफ करा. नववीत शाळा सुटली, त्यामुळं शब्दही माझ्याकडं साधेच आहेत. पण मी जो घोळ घातला तो इतका सरळसोट होता की त्याला साधे शब्द पुरून उरतील.

मी मूळचा केंदूरचा. राहू गावात मामांचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं बसतो. लोक आमच्याकडं येऊन खातं उघडतात आणि पासवर्ड आमच्याकडंच ठेवून जातात. "तुझ्याकडंच असू दे बाबा, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई." आता सगळीकडं सांगतात, पासवर्ड कुणाला सांगू नका. पण राहूत त्या 'कुणाला'मध्ये मला धरत नाहीत.

पद्धत अशी, की मी विचारतो, "मरेपर्यंत विसरणार नाही असं एक नाव सांगा." माणूस इकडंतिकडं बघतो, वाकतो आणि माझ्या कानात सांगतो. कुणी बैलाचं नाव, कुणी पहिल्या ट्रॅक्टरचं, कुणी लेकीचं. त्यापुढं मी एखादं साल लावतो. हे सगळं कॉम्प्युटरवर पासवर्ड सांभाळणाऱ्या एका ॲपमध्ये ठेवलेलं असतं. कुलूपबंद ट्रंकच समजा. त्या ट्रंकेची किल्ली म्हणजे आणखी एक पासवर्ड, तो माझा. त्याच्याकडं नंतर येतो.

मामा एकदा वैतागले. "एक नोंद शोधायला तुला दहा मिनिटं लागतात. जुनं काढ की बाजूला."

ॲपमध्ये तशी सोय आहे. जुनी नोंद पुसायची नाही, अर्काइव्हमध्ये टाकायची. म्हणजे माळ्यावर ठेवल्यासारखं. मग ती यादीत दिसत नाही आणि शोधूनही सापडत नाही.

रविवारी बसलो. बंद पडलेली खाती माळ्यावर. गेलेल्या माणसांचीही माळ्यावर. पण नवीन होतो तेव्हा नोंदीला माणसाचं नाव द्यायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. मग पासवर्डवरून मालक ओळखत बसलो. त्यात एक नोंद आली. वर नुसतं 'रेल्वे', खाली 'कलावती७५'.

कलावती म्हणजे पिठाच्या गिरणीच्या मावशी. मागच्या दिवाळीत वारल्या. दळण आणायला गेलं की हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. मला भरून आलं. स्क्रीनला हात जोडले आणि मावशींना माळ्यावर ठेवलं. काम किती मायेनं केलं म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूशही झालो.

मंगळवारी धोंडीआप्पा आले, बरोबर काकू. दोघांची लेक सुमन नागपूरला असते. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि आदल्या रात्रीच तिला दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर असा धरला होता की जणू बाळच त्यात आहे.

"दौंडवरनं रातच्या गाडीचं दोन तिकिटं काढ," आप्पा म्हणाले. "माझं खातं हाय तुझ्याकडं."

गाडी बघितली. चार जागा शिल्लक. आप्पांचं नाव शोधलं. नाही. धोंडी नाही, आप्पा नाही, सुमन नाही.

"आप्पा, पासवर्ड काय ठेवला होता?"

"तुझ्या कानात सांगितला व्हता की."

"परत सांगा."

आप्पांनी काकूंकडं बघितलं आणि तोंड मिटलं. आप्पांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांची कुजबुज पार चावडीवर ऐकू जाते. हे त्यांनाही माहीत होतं.

एका खात्यावर महिन्याला ठरावीकच तिकिटं निघतात, आणि मामांच्या खात्यावरची त्या महिन्याची संपली होती. पासवर्ड बदलावा तर ओटीपी सुमनच्या मोबाईलवर जाणार, कारण खात्याला नंबर तिचाच दिलेला. आणि सुमनचा फोन बंद.

तीन जागा शिल्लक.

झेरॉक्सला आलेले बापू स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "बैलाचं नाव आसंल. आप्पा, तुमच्या खिलाऱ्याला काय म्हणायचा?"

"न्हाई."

"मग म्हशीचं?"

"बापू, तुझं झेरॉक्स झालं का न्हाई?"

काकू हळूच म्हणाल्या, "अवो, सांगा की. लेक वाट बघती."

आप्पा खाली बघत म्हणाले, "आता कसं सांगू."

तेवढ्यात मला माळा आठवला. भराभरा उघडला. 'रेल्वे' नावाची एकच नोंद. वापरणाऱ्याच्या रकान्यात आप्पांचंच नाव, रविवारी मी ते बघितलंच नव्हतं. आणि सापडल्याच्या आनंदात मी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं, "कलावती पंच्याहत्तर! पण आप्पा, ह्या तर पिठाच्या गिरणीच्या मावशी. त्यांचं नाव तुमच्याकडं कसं?"

दोन वर्षं कानात जपलेली गोष्ट मी दोन सेकंदात गावात वाटली होती, आणि वर मेलेल्या बाईला त्यात ओढलं होतं.

बापूंना तर जत्राच भरल्यासारखं झालं. "आप्पा, तरीच म्हणलं, दळणाला कायम तुम्हीच का जाताय."

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मीच माळ्यावर जावं. आप्पांचे कान तांबडे झाले होते. काकूंनी डबा बाकड्यावर ठेवला.

"गिरणीवालीचं न्हाई ते," त्या म्हणाल्या. "माझं हाय. म्हायेरचं."

मग माझ्याकडं बघून, पण आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं पार्वती लिव्हलं. तवापासनं मला कलावती कुणी म्हणलंच न्हाई. येक भाऊ म्हणायचा, त्योबी गेला. मला वाटलं, आता ते नाव कुणालाच ठावं न्हाई."

आप्पा टेबलाकडं बघत म्हणाले, "हे पोरगं म्हणलं, मरंपतूर इसरणार न्हाई आसं सांगा. मग दुसरं काय सांगणार?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. बापू झेरॉक्स मशीनकडं असे बघायला लागले जसं ते पहिल्यांदाच बघतायत.

दोन जागा शिल्लक होत्या. त्या दोन्ही घेतल्या. तिकिटावर नाव आधारप्रमाणं पार्वतीच आलं. आप्पांनी कागद हातात घेतला आणि नावावर बोट ठेवलं.

मी म्हणालो, "आप्पा, काकू, चुकलं माझं."

काकू दारात थांबल्या. "आन् तुझा पासवर्ड काय हाय रं लेकरा?"

माझी मान आपोआप रस्त्यापलीकडच्या मेडिकलकडं वळली. काउंटरवर मनीषा होती. काकूंनीही तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सांगून टाक तिला," त्या म्हणाल्या. "आमच्यागत पन्नास वर्षं लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. आधी माळ्यावरची एकेक नोंद खाली काढून तपासली, प्रत्येकीला माणसाचं नाव दिलं. मामांच्या फोनवर आप्पांचा निरोप आला होता, नात झाली. मग मी केस विंचरले, रस्ता ओलांडला आणि मेडिकलसमोर उभा राहिलो.

"काय देऊ?" मनीषानं विचारलं.

"खोकल्याच्या गोळ्या."

"कोरडा आहे की कफाचा?"

"दोन्ही," मी म्हणालो, आणि गोळ्या घेऊन परत आलो.