मोहन्याची वाट आणि नाचरा काटा

त्या सकाळी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून आमचा ट्रक निघाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरचे लोक दात घासायचे थांबले. ट्रकच्या पुढच्या बाकावर बाईमाणूस बसलेलं त्यांनी तोवर पाहिलं नसावं. मी पदर खोचून, मांडीवर लाडवांचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन ताठ बसले होते. मागे मंगळुरी कौलं भरली होती. कौलं चालली होती कल्याणपलीकडच्या मोहने गावाच्या नव्या शाळेवर आणि मी माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे.

बहीण हे निमित्त. खरं म्हणजे मला साक्षीदार म्हणून पाठवलं होतं. ट्रक माझ्या दिरांचा, विनायक भाऊजींचा. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला, पण अंगापिंडाने दणकट. त्यावर ड्रायव्हर धर्माभाऊ, पहिल्या दिवसापासूनचे. आणि आता दोन दिवस त्या ट्रकच्या इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा वेड लागल्यासारखा वर-खाली करत होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, धर्मा म्हातारा झाला. पाणी बघत नाही, गाडी कशीही दामटतो. तुम्ही नीट बघा आणि मला सांगा. आज गाडी तापली तर उद्यापासून भिवंडीचा नवा माणूस." मी म्हटलं, "बघते." माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा लौकिक होता. तो मीच पसरवलेला होता म्हणा.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते. तीन दिवसांपूर्वी ट्रक आमच्या अंगणात उभा होता आणि रेडिएटरमधून, म्हणजे पुढच्या ज्या जाळीच्या टाकीत इंजिनाचं पाणी निवतं तिच्यातून, थेंब थेंब गळत होतं. धर्माभाऊंनी माझ्याकडून चमचाभर हळद मागून घेतली आणि टाकीत टाकली. जुन्या ड्रायव्हरांचा हा उपाय. गरम पाण्यात हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. ते जेवायला गेले. मी जाऊन पाहिलं तर थेंब पडतोच आहे. चमचाभर हळदीने माझ्या घरात आमटीसुद्धा कधी रंगली नाही. मी आतून डबा आणला आणि मुठीमुठीने सबंध ओतला. गळती थांबली. कोणाला सांगितलं नाही, चांगलं काम गुपचूप करावं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून काटा नाचू लागला, पण या दोन गोष्टींची सांगड घालावी असं माझ्या मनात आलं नाही. धर्माभाऊंचं वय झालं, एवढं मात्र आलं.

कळव्याच्या पुलावर भरतीचं पाणी खांबांना लागलं होतं. दूरवर मिठागरांतले पांढरे ढीग उन्हात चमकत होते. मी ते बघत होते आणि एक डोळा काट्यावर. पूल संपला आणि काटा चढू लागला.

"धर्माभाऊ, हळू घ्या. दामटताय तुम्ही."

"वैनी, बैलगारी म्होरं चाललीय आपल्या," ते शांतपणे म्हणाले. धर्माभाऊ आगरी. त्यांच्या तोंडी गाडीची 'गारी' होते आणि हळदीची 'हलद'. खरंच, आम्ही एका बैलगाडीच्या मागून चाललो होतो. तेवढ्यात काटा एकदम खाली पडला, काही झालंच नाही असा.

मुंब्र्याला डोंगराच्या सावलीत थांबलो. धर्माभाऊंनी बॉनेट उचललं, फडकं धरून टाकीचं झाकण जपून सैल केलं. पाणी काठोकाठ. पंख्याचा पट्टा मात्र अंगठ्याने दाबला तर दोन बोटं आत जात होता. "सैल झालाय," मी लगेच म्हटलं. माझा भाऊ रेल्वेच्या कारखान्यात आहे, त्यामुळे असल्या गोष्टी मला समजतात. धर्माभाऊंनी पाना घेऊन पट्टा ताणला. मी मनात निकाल लिहून टाकला: पट्टा बघत नाही, माणूस हलगर्जी.

पण शिळेच्या चढावर काटा पुन्हा वर. पट्टा ताणलेला, पाणी भरलेलं, तरी वर. माझा निकाल जरा डळमळला, आणि ते मला आवडलं नाही.

शिळेला एका झोपडीत धर्माभाऊंच्या ओळखीची बाई तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) देत असे. कांदा घालून परतलेला तो जवळा असा झणझणीत होता की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसरी भाकरी मागितली. धर्माभाऊ मात्र जेवले नाहीत. इंजिन चालू ठेवून ते समोर उभे होते आणि टाकीकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीवर तळहात ठेवून वाट बघत होते. शेवटी मी हात धुऊन गेले.

"वैनी, हात लावा."

मी लावला. नळी गार होती.

"आता काटा बगा."

काटा शेवटच्या खुणेला टेकत होता. आम्ही तसेच उभे राहिलो. मग हाताखालची नळी एकाएकी इतकी तापली की मी हात झटकला, आणि काटा खाली घसरला.

"पानी मधीच अरतंय," धर्माभाऊ म्हणाले. "आत एक झरप असते. इंजान थंड असलं की बंद, तापलं की उगरते. ती चिकटलीय. लई तापलं की मगच एकदम उगरते. माझं ड्रायव्हिंग नाय, वैनी." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले. त्यांना कळलं होतं मी कशाला आले आहे ते.

मग ती झडप इथेच खोलून का बघत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, खोलली की सगळं पाणी सांडणार, आणि झोपडीची विहीर तळाला गेलेली. शहाडला उल्हास नदी आहे, तिथे पाणीच पाणी. तोवर जपून जायचं. मग आम्ही मैलभर चालायचं, काटा चढला की सावली बघून थांबायचं, तो उतरला की पुन्हा निघायचं, असं करत कल्याण गाठलं. कल्याणच्या बाजारात एका म्हशीने आमच्या थांब्याचा फायदा घेऊन मागच्या चाकाला यथेच्छ अंग घासलं.

शहाडला नदीच्या उतारावर ट्रक लावला. जवळच एका पालाखाली एक सिंधी म्हातारी चुलीवर भजी तळत होती. फाळणीनंतर इकडे आलेली, जवळच्या छावणीत राहणारी. तिने मला बसायला खोकं दिलं आणि आधी पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. "पहले पापड, फिर पानी. हमारे में ऐसा ही है," ती म्हणाली. पाहुण्याला गुळाऐवजी पापड देण्याची ही रीत मला फार पटली. मी तिला एक लाडू दिला, आणि आमची दोस्ती झाली.

धर्माभाऊंनी वरची नळी काढली, दोन बोल्ट सोडवले, झाकण उचललं. आणि मी बघितलं. आत पिवळाजर्द चिखल होता. पितळेची ती छोटी झडप त्याने लिंपून गेली होती.

धर्माभाऊंनी ती बाहेर काढली, म्हातारीकडून उकळत्या पाण्याची पातेली मागितली आणि झडप तारेला बांधून आत सोडली. उकळी फुटली तरी ती मिटलेलीच. बऱ्याच वेळाने फट्‌दिशी उघडली. काटा का नाचतो हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"मी चमचाभरच टाकलेली," धर्माभाऊ पातेलीत बघत म्हणाले. "येवरी कुठशी आयली?"

ही माझी वेळ होती. लाडवांचा खोका मांडीवर, तोंडात पापड. मुंब्र्यापासून ज्या माणसाला मी हलगर्जी ठरवत होते त्याच्यासमोर 'ती मी ओतली' हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आले होते.

"माजाच हात सैल सुटला असंल," ते म्हणाले. "डोलं बी आता पैल्यासारखं नाय."

मग त्यांनी रेडिएटरच्या खालच्या तोंडातून बादलीमागून बादली पाणी उलटं सोडलं, वरून पिवळं वाहायचं थांबेपर्यंत. मी निमूटपणे नदीवरून बादल्या आणून दिल्या. झाकणाखालची जुनी चकती फाटली होती, तेव्हा माझ्या लाडवांचा खोका कामी आला. पुठ्ठ्याची नवी चकती कातरून, ग्रीस लावून त्यांनी ती बसवली. झडप परत घातलीच नाही. "आपल्या उन्हात हिचं काय काम? ही थंड मुलखातली," म्हणाले.

मोहने येईपर्यंत काटा मध्यावर खिळला होता. शाळेपाशी कौलं उतरली, आणि मी रेयॉनच्या कारखान्याजवळच्या चाळीत सुमनकडे गेले. तिने लाडू पदरात का बांधून आणलेस म्हणून विचारलं. मग माझे हात हातात घेतले.

"अगं ताई, नखं किती पिवळी! कुठे हळद लावायला गेली होतीस का?"

मी हात मागे घेतला. तिने केलेलं वांग्याचं भरीत माझ्या आवडीचं, पण मी ते पानात नुसतं चिवडत बसले. मला लाज वाटत होती, सरळ लाज.

परतीच्या वाटेवर ट्रक रिकामा, काटा स्थिर, तरी धर्माभाऊ अगदी सावकाश चालवत होते. शिळेला त्यांनी मुद्दाम थांबून चहा घेतला. मुंब्र्याला उगाचच एकदा टायर बघितले. दर वेळी मला वाटे, आता सांगावं. दर वेळी गाडी सुरू होई. कळव्याच्या पुलावर ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता.

ऊन कलताना टेंभी नाक्याला पोचलो. भाऊजी ओट्यावरच उभे होते.

"तापली?"

"तापली," धर्माभाऊ म्हणाले आणि खाली उतरले. "आत हलद जास्ती जालेली. साफ केली. आता नाय तापायची."

"हळद कोणी घातली?"

धर्माभाऊंनी किल्ली खिशातून काढली आणि भाऊजींच्या समोर ओट्यावर ठेवली. मी घरात गेले, फळीवरून रिकामा डबा उचलला आणि बाहेर येऊन किल्लीशेजारी आपटला.

"मी घातली. चमचाभर यांनी, आणि बाकीचा हा सबंध डबा मी. यांचा काडीचा दोष नाही. भिवंडीच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा."

भाऊजींनी डबा उचलून आत बघितलं. मग किल्ली उचलून त्यांनी धर्माभाऊंच्या हातात दिली आणि, "सकाळी सातला विटा आहेत," एवढंच म्हणून आत गेले.

मी धर्माभाऊंकडे वळले. "शहाडलाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"मना ठावं व्हतं, वैनी."

"कधीपासून?"

"शहाडलाच. सकाली गारीत चढताना तुमी दांडा धरला, तवा नखं बगितली." ते किल्ली खिशात टाकत म्हणाले, "आत चिखल दिसला नि सगलं जुलून आलं."

ते निघून गेले. मी ओट्यावर डबा घेऊन बसले. ठाण्याहून मोहने वीसेक मैल. जाताना मी त्या माणसावर नजर ठेवून होते, आणि येताना तो मला बोलायला वेळ मिळावा म्हणून गाडी सावकाश हाकत होता.