दाजींची जीप आणि जारचं पाणी

ताईचा फोन आला तेव्हा मी शहरात औरंगपुऱ्यातल्या दुकानात कामावर होते, वह्यांचे गठ्ठे सोडत होते. पलीकडून ती नुसतीच "शोभे… शोभे…" करत राहिली, आणि मी पहिला प्रश्न विचारला तो हा, "गाडीला काय झालं?" आमच्या घरात वाईट बातमी म्हणजे जीपचीच, असं होऊन बसलं होतं. इंजिन तापून काटा वर गेला, पाणी गळलं, धूर आला… त्यापलीकडं काही वाईट घडू शकतं हे डोक्यातच आलं नाही. ताई म्हणाली, "गाडी दारात उभी हाय गं. तुझे दाजी गेले." सकाळी जीप पुसून आत आले, छातीत कळ आली म्हणून खाटेवर टेकले, आणि डॉक्टर येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. आता महिना होऊन गेला. लोक भेटायला यायचे थांबले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा कुठं लिहायला बसलेय.

प्रल्हाद दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गंगापुरात आमचं आणि त्यांचं घर एकाच गल्लीत. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही, त्यामुळं अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, जे काही करायचं ते दाजींनी करायचं हे कुणी न सांगताच ठरून गेलेलं. माणूस लई काळजीखोर! कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघणार. ताईला शिंक आली तरी हे कपाळाला हात लावून बघणार. मेहुणीनं दाजींची थट्टा नाही करायची तर कुणाची करायची? मी म्हणायचे, "दाजी, तुम्ही झोपेत तरी निर्धास्त असता का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "नाय ना. झोपेतच जास्त सुचतं."

अप्पांच्या किडन्या गेल्या आणि दाजींच्या काळजीला कायमचं काम मिळालं. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, अप्पांना डायलिसिसला शहरात न्यायचं, सकाळची वेळ गाठायची, उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला जायचं. दाजींकडं जुनी डिझेल जीप होती, पूर्वी ते तिच्यावर गंगापूरची भाडी मारायचे. अप्पांना मात्र फार संकोच. जावयानं पाहुणा म्हणून यावं, मान घ्यावा, आणि इथं तोच आपल्याला धरून गाडीत चढवतोय! "पाव्हणं, तुमच्या जिवावर माझा दवाखाना चाललाय," असं म्हणून ते मान खाली घालायचे. त्यात पाण्यावर बंदी. दिवसभराचं पाणी मोजून एका तांब्यात. अप्पांना ओठ चाटताना बघवायचं नाही, म्हणून ताईनं नियमच करून टाकला, त्यांच्यासमोर कुणी पाणी प्यायचं नाही, प्यायचं तर स्वयंपाकघरात जाऊन. तेव्हापासून आम्ही सगळे चोरासारखे पाणी पितो.

एका उन्हाळ्यात वाळूजच्या अलीकडं जीपचा काटा भसकन वर गेला. बॉनेटमधून वाफ, आणि मागं माझ्याशेजारी अप्पांना धाप लागलेली. अंगात पाणी साठलं की त्यांना श्वास पुरत नाही. उकळत्या इंजिनात गार पाणी ओतू नये हे साऱ्या गंगापूरला सांगत फिरणारा हा माणूस, पण त्या दिवशी अप्पांची धाप ऐकून त्यांचा धीरच सुटला. जरा वाफ ओसरली आणि त्यांनी पाण्याचा कॅन उपडा केला. आत कुठंतरी टक् असा आवाज आला. दाजी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "गेलं." अप्पांना रिक्षात घालून आम्ही वेळ कशीबशी गाठली. जीप ओढत गॅरेजला नेली. मेस्त्रीनं हेड, म्हणजे इंजिनावरचं जड झाकण, उतरवलं, रॉकेलनं पुसून दाखवलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी भेग. एवढीशी ती रेघ, आणि तिच्यावर अप्पांचा श्वास अडकलेला!

नवं हेड आमच्या ऐपतीबाहेर होतं, औषधांनी आधीच घर पोखरलेलं. भंगारातलं घ्यावं तर त्याला आधीच काय दुखणं असेल ते देवाला ठाऊक. राहिला एकच मार्ग, वेल्डिंगचा. मेस्त्री म्हणाला, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही, जुन्या शहरात एक उस्ताद आहेत त्यांच्याकडं न्या. उस्ताद भलताच ऐटबाज माणूस, पांढरी दाढी मेंदीनं रंगवलेली, स्वतःची तारीफ करताना दम घेत नव्हता. त्यानं अख्खं हेड कोळशाच्या भट्टीत लालभडक केलं, भेग भरून काढली आणि गरमच्या गरम एका पिंपात राखेत पुरलं. वर आणखी राख ओतली. मग दाजींना बजावलं, "इसको छेडना नक्को. अपने आप ठंडा होने दो, परसों तक. जरा हवा लगी तो टण् करके फिर फटेगा. फिर मेरे पास लाना नक्को!"

"उस्ताद, पण टिकंल ना?"

"मेरा हाथ मशहूर है भाई. सबर तुम्हारी तुम देखो."

सबर! मधल्या दिवशीच अप्पांचं डायलिसिस होतं. दुसऱ्याची गाडी मागून बघितली, जमलं नाही. शेवटी मी त्यांना काळीपिवळीतून नेलं. ड्रायव्हर माणसं कोंबत होता, आणि सुया टोचायच्या हाताला कुणाचा धक्का लागू नये म्हणून अप्पा तो हात डोक्याच्या वर धरून बसले होते. शहर येईस्तोवर तसेच. परत येताना त्यांना बसवेचना. गंगापूरला उतरल्यावर म्हणाले, "शोभा, बास झालं आता. मी परत नाय येणार. माझं मला घरीच राहू द्या." डायलिसिस बंद म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून मी तडक उस्तादाच्या शेडमध्ये गेले. दाजी पिंपाशेजारी पत्र्याच्या डब्यावर बसलेले. उस्ताद नमाजाला गेला होता. मी म्हटलं, "दाजी, काढा ते हेड बाहेर. झालं असेल गार. अप्पांनी काय मनात घेतलंय माहितंय का तुम्हाला?" सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण पिंपाच्या कडेवर हात तसाच ठेवून बसले, जागचे हलले नाहीत. मी चिडले. "एरवी दिवसातून दहा वेळा कुलूप ओढून बघता, आता बघायला काय झालं? भीती वाटत नाही का तुम्हाला?"

"वाटती की. म्हणून तर इथं बसलोय. एकदा घाई करून फोडलंय मी, शोभा. आता कुणाला हात लावू देणार नाय. मला बी नाय."

उस्ताद आला, राखेत बोट खुपसून म्हणाला, अभी नही. दुपार टळून गेली तेव्हा त्यानं हेड काढलं. टण् झालं नाही. मग मशीनवर घासून सपाट केलं, भोकं बंद करून आत हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत बुडवलं. बुडबुडा आला तर भेग तशीच. आम्ही दोघं टाकीवर ओणवे होऊन बघत होतो. पाणी ढिम्म राहिलं. दाजी तिथंच फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखे रडले. जीप जोडून झाल्यावर त्यांनी ती थेट अप्पांच्या दारात आणून हॉर्न वाजवला. अप्पा बराच वेळ बाहेर आले नाहीत. दाजी म्हणाले, "मामा, हिला तुमच्यासाठी भट्टीतून काढलीय. आता तुम्हीच नाय म्हणलात तर मी कुणाला बसवू?" अप्पा आले, आणि चढले.

उस्तादानं सांगितलं होतं, चार-दोन फेऱ्या पाणी तपासत जा, नंतर गरज नाही. दाजी ऐकतात होय! त्यानंतरची सगळी वर्षं, प्रत्येक फेरीला, जाताना आणि येतानाही, वाळूजच्या अलीकडं एका बाभळीखाली गाडी उभी राहायचीच. बॉनेट वर, दाजी पाण्याचा कॅन घेऊन त्याच्या आड. तोही कॅन साधा नाही, प्यायच्या पाण्याच्या जारमधून भरून घेतलेला. मी हसायचे, "इंजिनाला जारचं पाणी? उद्या सरबत द्या." म्हणायचे, "बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतो." आणि दर वेळी तिथून हाक मारायचे, "शोभे, उतर की जरा. बघ इकडं येऊन." मी अप्पांना टेकू देऊन बसलेली असायचे. म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं? तुमचं तुम्ही बघा."

दाजी गेल्यावर तिसऱ्या दिवशीच अप्पांची फेरी होती. मरणाघरी सुतक असतं, पण मशीनला सुतक नसतं. दाजींनी मला मागंच गाडी शिकवून ठेवली होती, "असू दे, कधी मला ताप आला तर." मी चालवत होते, ताईची थोरली मुलगी मागं अप्पांना धरून. ऊन असं की स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. घशाला कोरड पडलेली, पण मागं अप्पा, प्यायचं कसं? बाभूळ आली आणि काटा जागेवर असूनही माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. उतरले, कॅन घेतला, बॉनेट उघडलं. काय तपासायचं ते मला कुठं ठाऊक! बघत राहिले. बॅटरीच्या मागं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खोचलेलं दिसलं. ओढून काढलं. स्टीलचे दोन गिलास, एकात एक घातलेले.

दोन का, हे मला क्षणभर कळलंच नाही. मग अप्पांचा आवाज आला.

"एक तुझा हाय. दर फेरीला बोलवायचे तुला."

मी बॉनेटच्या बाजूनं वाकून बघितलं. अप्पा म्हणाले, "बॉनेटखालच्या फटीतून दिसायचं मला. पाव्हणं ओंजळीएवढं प्यायचे, लगेच तोंड पुसायचे. कुणी बघतंय असं वाटू नये म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो. निवांत पिऊ देत म्हणलं." मी तिथंच रेडिएटरवर हात टेकून रडले. चटका बसला तेव्हा भान आलं.

अजून दर फेरीला मी तिथं थांबते. हेडमधून थेंबभर पाणी गळत नाही, उस्तादाचा हात खरंच मशहूर म्हणायचा. तरी बॉनेट वर करते. एक गिलास भरते, दुसरा फडक्यात तसाच ठेवते. आणि प्यायला तोंडाशी नेते तोच मागून अप्पा म्हणतात, "मिटले गं डोळे. पी."