तेहतीस किलो सैंधव

बन्सी पिशोरचा. तिथल्या विहिरींत उड्या मारून तो पोहायला शिकला, आणि गेली वीस वर्षं शहरात लोकांचे स्विमिंग पूल साफ करतो. आधी एका हॉटेलात होता, आता पाच बंगल्यांवर जातो. पूल हा शब्द तो वापरत नाही, हौद म्हणतो. त्याच्या मते कंबरेएवढ्या पाण्यात माणूस पोहत नसतो, भिजत घातलेला असतो, मटकीसारखा.

बीड बायपासच्या पलीकडं श्रीधररावांचा बंगला आहे. शहरात आठ-आठ दिवस नळ कोरडे असतात. इथं साठ हजार लिटर पाणी नुसतं पडून असतं, खालची निळी फरशी दिसावी म्हणून. पाणी बोअरचं, जड. श्रीधरराव एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांना सगळं कळू लागलं. "आमचा पूल मिठाचा. केमिकलचा थेंब नाही," असं ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. वास्तविक पंपाच्या खोलीत एक यंत्र आहे. त्यातल्या पट्ट्यांमधून खारं पाणी जातं आणि वीज त्या मिठातूनच क्लोरीन काढते. बन्सीनं हे त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते हसले. शिकलेला माणूस न शिकलेल्यासाठी जे हसू राखून ठेवतो, ते.

दर पंधरा दिवसांनी बन्सी त्या पट्ट्या काढून पातळ ॲसिडात बुडवतो. जड पाण्याचा पांढरा थर फसफसत सुटतो. उरलेला तो लाकडाच्या काडीनं हलकेच काढतो, लोखंड लावत नाही. नळीत पाणी घेऊन थेंब टाकतो, रंग बघतो, मग पाण्याचा वास घेतो. वासावर त्याचा जास्त विश्वास. इतकी काळजी त्या घरात दुसरं कुणी कशाचीच घेत नाही.

यंदा पावसाआधी घरावरचे पत्रे बदलायला तो आठ दिवस गावी गेला. जाताना सांगून गेला : यंत्र रोज आठ तास चालवा, पाण्यात काही टाकू नका.

तेवढ्यात अधिक महिना लागला. श्रीधररावांच्या पत्नी भानुमतीकाकूंनी महिनाभर पहाटे स्नानाचा नेम धरला. नदी लांब, म्हणून पुलात. पण पुलातलं मीठ साधं, खडे मीठ. उपासाला न चालणाऱ्या मिठाच्या पाण्यात पुण्य कसं लागणार? त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून सैंधव मागवलं. अधिकात सगळं तेहतीस द्यायचं असतं, म्हणून तेहतीस किलो. हळदकुंकू वाहून ते पाण्यात सोडलं. श्रीधररावांनी शास्त्राची बाजू सांभाळली. मीठ भरपूर झालं, आता यंत्र कशाला, असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं. लोणचं मिठावरच टिकतं, हा त्यांचा आधार.

पाणी आधी चहासारखं झालं. मग बेचाळीस अंशांच्या उन्हात हिरवं पडलं. श्रीधररावांनी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बन्सीचा प्रताप.' बन्सीचे उरलेले चारही बंगले त्याच ग्रुपवर होते. तो अजून पत्र्यांना खिळे ठोकत होता, तोवर दोघांनी फोन करून सांगितलं, तूर्त येऊ नको. वीस वर्षांत त्याच्या हातून पाणी बिघडलं असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्याजवळ तेवढं एक नाव होतं, आणि ते एका फोटोनं चाललं होतं.

तो गुरुवारी सकाळी आला. काठावर बसून त्यानं ओंजळीतलं पाणी हुंगलं.

"काकू, काय टाकलंय ह्यात?"

"काही नाही रे. उपासाचं मीठ. अगदी शुद्ध."

"किती?"

"तेहतीस किलो. अधिकाचं."

"त्यात माती असती काकू, लोखंड असतं. म्हणून तर ते गुलाबी दिसतं."

श्रीधरराव खुर्चीतून म्हणाले, "लोखंडानं काय होतंय? रक्तातसुद्धा लोखंड असतं."

"व्हय साहेब. पण रक्तात कुणी पोहत नाय."

काकूंना हसू आलं. त्यांनी ते पदरात आवरलं.

श्रीधरराव त्याला बाजूला घेऊन गेले. "हे बघ, रविवारी जावई येतायत धोंड्याच्या जेवणाला. ते विचारणार. तू सांगायचं, माझ्याकडून औषध चुकलं. काकूंचं नाव नको, व्रत आहे त्यांचं. मी ग्रुपवर लिहितो, बन्सीनं चूक सुधारली. म्हणजे तुझंही नाव राहील."

माणसाचं नाव आधी घाण करायचं आणि मग धुऊन देण्याचे उपकार करायचे, यात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. बन्सीनं ब्रश उचलला.

त्यानं भिंती घासल्या, यंत्र सुरू केलं, वरून क्लोरीनची पूड टाकली. काकूंनी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. शनिवारी त्यानं तुरटी विरघळवून पाण्यावर फिरवली आणि पंप बंद ठेवला. रविवारी पहाटे सगळा गाळ तळाशी साय धरल्यासारखा बसला होता. पाणी ढवळू न देता तीन तास पाईप फिरवून त्यानं तो ओढून बाहेर काढला. निळी फरशी दिसू लागली.

दुपारी जावई हिमांशू कपाळावर कुंकू घेऊन चड्डीवर काठाशी आला. तेहतीस अनारशांचं ताट नुकतंच त्याला वाण म्हणून मिळालं होतं.

"खराब झालं होतं ना पाणी? कशानं?"

श्रीधररावांनी बन्सीकडं पाहिलं.

"सैंधवानं," बन्सी म्हणाला. "अन् यंत्र बंद ठेवलं होतं सायबांनी. मी गावाला होतो."

"पण ते शुद्ध होतं," काकू म्हणाल्या.

"अच्छा," हिमांशू म्हणाला आणि उडी मारली. त्याला फक्त पाण्यात जायचं होतं. ज्या खऱ्यासाठी बन्सीनं सगळं पणाला लावलं, ते ऐकून घेणाऱ्याला दोन सेकंदही पुरलं नाही.

श्रीधरराव हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"नाय येत," बन्सी म्हणाला. पाईप गुंडाळून, पंपाची खोली बंद करून त्यानं किल्ली टेबलावर ठेवली.

संध्याकाळी ग्रुपवर आलं : बन्सीला काढून टाकलं आहे, सर्वांनी नोंद घ्यावी. ज्या दोघांनी आधी नको म्हटलं होतं, त्यांनी नोंद घेतली. एकानंही काय झालं ते विचारलं नाही. उरलेले दोघे ग्रुप वाचत नाहीत. त्यांचे हौद बन्सी अजून करतो.

श्रीधररावांकडं आता दुसरा माणूस येतो. तो सगळं त्यांना विचारून करतो, आणि पाणी बिघडलं की माफी मागतो. त्यांना तो फार आवडतो.